चार इंचांची दुरुस्ती

आपल्या बायकोसाठी, म्हणजे शिवणवर्गाच्या बाईंसाठी, बिनबटणाचा ड्रेस आपणच शिवून टाकावा, असं हेडक्लार्कनी एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. तोंडावरचा साबण पुसायच्या आत त्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्जही मनातल्या मनात लिहून टाकला. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या झटपट त्यांनी कुठलाच निर्णय घेतला नव्हता. (घेतला असता तर एव्हाना साहेब झाले असते, असं बाई म्हणायच्या.)

म्हणायच्या, कारण हल्ली बाई काहीच म्हणत नव्हत्या. चार महिन्यांपूर्वी त्या जिन्यावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. "बोटांना कामाला लावा, नाहीतर अशीच राहतील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी एकदा कातर उचलून पाहिली. ती उघडली नाही. त्यांनी ती खणात ठेवली, शिलाई मशीनवर चादर टाकली आणि विषय मिटवला.

पंचवीस वर्षं वाचनालयाच्या माडीवर त्या शिवणवर्ग चालवत होत्या. आता हुक लावता येत नाही, बटण लावता येत नाही, म्हणून गाऊन घालून घरात बसल्या होत्या. नवऱ्याकडून बटणं लावून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. (एकदा घेतली होती. सुरुवातीचं एक काज चुकलं, पुढची सगळी चुकली, आणि त्या तशाच दवाखान्यात जाऊन आल्या.) वाचनालयाच्या सेक्रेटरींचा निरोप आला, की सोमवारी बाई वर्गावर आल्या नाहीत तर खोली कॉम्प्युटर क्लासला देऊ. "देऊ देत," एवढंच म्हणून बाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. हेडक्लार्कना त्या पाठीची भीती वाटायला लागली होती. सोमवार गेला तर ही बाई पुन्हा उठायची नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

दुकानदारानं सांगितलं, "डोक्यातून घालायचा ना? मग होजिअरीचं कापड न्या, टी-शर्टला असतं तसलं." हेडक्लार्कनी तीन मीटर जांभळं कापड घेतलं. तीनदा मोजून घेतलं.

बेतण्याची काळजी नव्हती. बाईंनी स्वतः बनवलेला एक खाकी कागद खिळ्याला टांगलेला असे. होजिअरीचा कुठलाही कपडा त्या एका कागदावर निघायचा. खाली वाढवला की ड्रेस, आखडला की टॉप, बाही लांबवली की थंडीतला. वर्गातल्या शेकडो बायका त्याच्यावर शिकून गेल्या. हेडक्लार्कनी तो जमिनीवर पसरला आणि खबरदारी म्हणून बाईंच्या जुन्या सुती ड्रेसशी ताडून पाहिला.

कागद घेराला चार इंच कमी भरला.

हेडक्लार्कनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. चारच. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोची एकही चूक सापडली नव्हती. तिला मात्र रोज दोन-तीन सापडायच्या. त्यांनी कागदाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या, लाल शाईनं 'घेर चार इंच वाढवला' असं लिहिलं आणि खाली तारखेनिशी सही ठोकली. दुरुस्तीवर सही नसेल तर ती दुरुस्ती धरत नाहीत. शिवाय प्रत्येक बाजूला दोन इंच जादा सोडले. कपडा सैल असलेला बरा, अंगात शिरायला सोपा.

शिवायला बसले आणि मशीननं सूड उगवला. कापड हातातून निसटे, ओढलं की लांबे, सोडलं की गुंडाळून घेई. दर वीतभर टिपेनंतर दोरा तुटे.

"काय चाललंय?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"मशीनला तेल देतोय."

"तेल दिल्यावर दोरा तुटतो?"

"जुनं मशीन आहे गं."

मग पुन्हा आवाज आला, "सुई बदला. डाव्या खणात गोल टोकाची आहे. होजिअरीवर साधी सुई टाके गाळते."

"होजिअरीचा काय संबंध? तेलच देतोय," असं ठामपणे म्हणून हेडक्लार्कनी गुपचूप सुई बदलली. दोरा तुटायचा थांबला.

रविवारी सकाळी ड्रेस तयार झाला. तो त्यांनी दोन्ही हातांवर आडवा घेऊन बाईंसमोर नेला. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. बराच वेळ पाहिला.

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"आणि माझ्याबरोबर आत आणखी कोण येणार आहे?"

हेडक्लार्कनी खुलासा केला. कागदातच मुळात चूक होती, ती आपण वेळीच पकडली, रीतसर दुरुस्त केली, वगैरे. बाई ताडकन उठल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच अशा उठल्या. खिळ्यावरचा कागद त्यांनी डाव्या हातानं ओढून काढला.

"माझ्या कागदावर सही?"

"चार इंच कमी होता तो."

"कमीच असतो! होजिअरी ताणली जाते, म्हणून कागद अंगापेक्षा लहान ठेवायचा. हे माझ्या वर्गात पहिल्या दिवशी येणाऱ्या पोरीलाही कळतं!"

हेडक्लार्कच्या पायाखालची जमीन सरकली. त्या एका चुकीवर ते तीन दिवस तरंगत होते. ते पलंगाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "मला फक्त एवढंच हवं होतं, की उद्या तू वर्गावर जावंस. कुणाकडून बटण लावून न घेता. तू अशी पडून राहिलीस की मला घरात यावंसं वाटत नाही."

बाईंनी ड्रेस उचलला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं.

"घाला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही घाला. अंगावर असल्याशिवाय मला टाचण्या लावता येत नाहीत. खांदे आपले एकसारखेच आहेत. पोटाचं मी बघून घेते."

माणसाच्या आयुष्यात काही प्रसंग असे येतात, की तेव्हा फार विचार करू नये. हेडक्लार्क जांभळा ड्रेस घालून स्टुलावर उभे राहिले. दुःखाची गोष्ट अशी, की तो त्यांना अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

बाई डाव्या हातानं टाचण्या लावायला लागल्या. पण घडी धरायला दुसरा हात लागतो. कापड दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा बाई वैतागल्या, आणि वैतागाच्या भरात त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि बोट घडीवर दाबून धरलं. घडी सुटली नाही. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यांचं लक्ष शिवणीवर होतं.

हेडक्लार्कच्या मात्र आलं. त्याच क्षणी एक टाचणी त्यांच्या कमरेत शिरली. ओरडलो तर ही थांबेल, या भीतीनं त्यांनी दात आवळून धरले. दुसरी शिरली. तिसरीला डोळ्यांतून पाणी आलं. ते टाचणीमुळेच होतं असं त्यांना छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

एवढ्यात दार उघडंच पाहून वर्गातल्या दोघीजणी आत आल्या. उद्या वर्ग आहे का, हे विचारायला दर रविवारी यायच्या आणि नकार घेऊन परत जायच्या. त्यांनी स्टुलावर जांभळ्या ड्रेसमध्ये हेडक्लार्क पाहिले. हेडक्लार्कना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण दोघी हसल्या नाहीत. एक पुढे आली, तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "बाई, बाहीचा मुंढा खाली उतरलाय."

"दिसतंय मला. खडू दे तो," बाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत त्या तिघींनी ड्रेस उसवला, पुन्हा बेतला. कातर बाईंनीच धरली. दोन्ही हातांनी धरली, बोटाबोटानं कापत गेल्या, कपाळावर घाम आला, पण ठेवली नाही. टिपा मारायला हेडक्लार्कना बसवलं आणि प्रत्येक टिपेला बोलणी घातली. ती बोलणी त्यांना इतकी गोड लागली, की दोन टिपा त्यांनी मुद्दाम वाकड्या मारल्या.

सोमवारी बाईंनी ड्रेस स्वतः डोक्यातून घातला आणि वाचनालयाचा जिना चढल्या. मागून पिशवी घेऊन हेडक्लार्क. सेक्रेटरी निमूटपणे किल्ली देऊन गेले. वर्ग भरला. बायकांनी बाईंना गराडा घातला. ड्रेसला हात लावून पाहिला. कुणी शिवला म्हणून विचारलं.

हेडक्लार्कनी शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि अर्धं पाऊल पुढे टाकलं. एकतीस वर्षांत त्यांचं कुणी चार लोकांत कौतुक केलं नव्हतं. बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना वर्गाच्या मधोमध आणलं. उजव्या हातानं धरला.

"हे आठवड्यातून दोनदा येतील," त्या वर्गाला म्हणाल्या, "टाचण्या लावून घ्यायला. घाबरू नका, ओरडत नाहीत. आणि यांच्या कमरेवर जिची शिवण सरळ बसली, तिला जगातली कुठलीही कंबर अवघड नाही."