उपाशी वाडा

"काय कमी आहे, असं विचारू नका. लोक लाजतात. काल रात्री काय जेवलात, एवढंच विचारा," पाहणीला पाठवताना कॉलेजच्या सरांनी डिचोलीच्या स्टँडवर बजावलं होतं.

तनया आणि गौरेश वही घेऊन मयेच्या तळ्यापलीकडच्या वाड्यावर, गावाच्या टोकाच्या छोट्या वस्तीवर गेली. तळ्यावरचं धुकं तनयाला शिजत्या पेजेच्या वाफेसारखं दिसत होतं.

"काल? काल जेवलंच नाय गो बाय," पहिल्या घरची रुक्मिणी हसत म्हणाली.

दुसऱ्या घरीही तेच. वीस घरं, कोणीच जेवलेलं नाही. गौरेशने घरं पुन्हा मोजली. "गोव्याचं राज्य होऊन पाच महिने नाय झाले, नि ही दशा?"

शेवटच्या घरची सत्यवती मात्र म्हणाली, "मी जेवले बाबा. पोटभर." गौरेशने तिच्यापुढे समाधानाने 'ठीक' लिहिलं.

रविवारी वाड्यावर डॉक्टर आले, टेम्पोतून तांदूळ आला, पेजेचा टोप चढला.

"कोणासाठी रे इतकं?" रुक्मिणीने विचारलं.

"एका उपाशी वाड्यासाठी," टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला.

"गरीब बिचारी." ती घरात गेली आणि चार नारळ घेऊन आली. मग घराघरातून तांदूळ, कुळीथ, केळी. टेम्पो भरला.

"आता खंय नेऊ?" ड्रायव्हरने विचारलं.

गौरेशने वही पुढे केली. रुक्मिणी वाचत गेली. "अरे पुता, त्या दिवशी एकादस होती मरे."

तनयाला आठवलं, घरी साबुदाणा झाला होता. खाताना मन कुठे होतं, देव जाणे.

वाडा हसत सुटला. तेवढ्यात रुक्मिणीचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "आमची सत्यवती एकादशीला जेवली? ती तर सातय दीस उपास धरता. सोमवार महादेवाचो, मंगळवार सातेरीचो..."

तनयाने बोटं मोजली. हसू विरलं. डॉक्टर वजनकाट्यापाशी सत्यवतीला हळूच म्हणत होते, "मावशी, ही औषधं रिकाम्या पोटी चालायची नाहीत."

सत्यवतीने तांदळाला हात लावला नाही. "माझं व्रत मोडतलं."

तनया तिच्याजवळ बसली. "मावशी, मलाही व्रत धरायचंय. रोज एका वडीलधाऱ्या बाईला जेवू घालायचं, मगच आपण खायचं. पण बाई मिळत नाही."

सत्यवतीने विचारलं, "किती दिवसांचं?"

"वर्षाचं."

"तुझ्या व्रतासाठी माझं मोडीन. पण वेळेवर ये. माझ्यापायी तू उपाशी नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याच्या बाजूला तेच धुकं दिसत होतं. तनयाच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने पेजेचा डबा हँडलला अडकवला आणि घरच्यांनी आधी खायला बसवू नये म्हणून घंटी न वाजवता सायकल बाहेर काढली.