नत्थूजी परीक्षेला बसतात

सकाळी सहाला प्रयागबाई चूल पेटवायला बसल्या, की घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्यांचे यजमान नत्थूजी सातचा पाढा म्हणायला बसत. बेचाळीसपर्यंत गाडी ठीक चाले. पुढे ते अडखळले की प्रयागबाई फुंकणीवरून तोंड उचलून "एकोणपन्नास" म्हणत आणि पुन्हा फुंकू लागत. प्रयागबाई जन्मात कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या आणि त्यांना कुठली परीक्षाही द्यायची नव्हती. नुसतं ऐकून ऐकून त्यांचे पाढे पाठ झाले होते, आणि ज्यांच्या नोकरीचा प्रश्न होता त्यांचे होत नव्हते. नत्थूजींना याचा फार अपमान वाटे, पण चहा बायकोच्याच हातचा प्यायचा असल्यामुळे ते बोलत नसत.

परीक्षा हा हौसेचा मामला नव्हता. साल एकोणीसशे शहात्तर, दिवस शिस्तीचे. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सरकारी कचेरीत नत्थूजी सत्तावीस वर्षं शिपाई होते, तिथे नवे साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात हुकूम काढला. चौथी पास नसलेल्या प्रत्येक शिपायाने वाचन, गणित आणि लेखन अशी परीक्षा द्यायची. एक संधी येत्या सप्टेंबरात, दुसरी पुढच्या सप्टेंबरात. दोन्हींत नापास होणाऱ्याने घरी जायचं.

नत्थूजींना नोकरीचा फार लोभ होता असं नाही. त्यांना ती फक्त पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवी होती. त्यांची मुलगी गोपिका डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिची परीक्षा एप्रिलात होती. ती एकदा मास्तरीण झाली की सरकारने आपल्याला खुशाल घरी बसवावं, सक्करदऱ्याच्या तलावावर बसून पाय हलवत दिवस काढू, असा त्यांचा बेत होता. पण त्याआधी पगार थांबला, तर पोरीला शिक्षण अर्ध्यावर सोडून कुणाच्या तरी दुकानात उभं राहावं लागलं असतं. हे त्यांना रोज दिसत होतं, आणि सातच्या पाढ्यात ते अडखळत ते बहुधा त्यामुळेच.

अक्षरओळख नसताना सत्तावीस वर्षं कचेरी सांभाळणं सोपं नसतं. नत्थूजी फायली फितीच्या रंगावरून ओळखत आणि टपाल कुणाच्या टेबलावर ठेवायचं ते पाकिटाच्या आकारावरून ठरवत. पगारपत्रकावर सहीसुद्धा करत. म्हणजे कुणीतरी एकदा गिरवून दिलेलं स्वतःचं नाव ते चित्र काढावं तसं काढत. पावसाळ्यात हात ओलसर असला की त्या चित्राला एखादा कान जास्तीचा फुटे.

गोपिकेने बापाला शिकवायला घेतलं ते डी.एड.च्या पद्धतीने. ती रोजच्या धड्याचं टाचण काढी. त्यात उद्दिष्ट, साधनं आणि विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान अशी सदरं असत. पूर्वज्ञानाच्या सदरात ती "नाही" असं लिही, आणि सुरुवातीला नत्थूजींना ते वाचता येत नसल्यामुळे घरात शांतता होती. चूक दाखवण्याआधी विद्यार्थ्याला शाबासकी द्यावी असं तिला शिकवलेलं होतं, म्हणून नत्थूजींनी "घर"मधला घ पोटफुगा काढला तरी ती आधी "छान" म्हणे. दोन महिन्यांत इतक्या वेळा छान ऐकून नत्थूजी धास्तावून गेले.

पण पावसाळा सरता सरता त्यांना वाचता येऊ लागलं. आधी दुकानांच्या पाट्या, मग बसवरचं "उमरेड", मग कचेरीत प्रत्येक दारावर काय लिहिलं आहे ते. सत्तावीस वर्षं ज्या दाराला टेकून ते तंबाखू मळत आले, त्यावर "येथे थांबू नये" असं लिहिलेलं होतं. गणितही जमू लागलं. राहता राहिला निबंध. नत्थूजींचं म्हणणं, पोरीने एक चांगला निबंध लिहून द्यावा, आपण तो पाठ करू. गोपिकेने साफ नकार दिला.

"बाबा, पाठ करू नका. जे खरं हाय थे लिहा. खरं लिहिलं का मानूस अडकत नाही," ती म्हणाली.

बापाने पोरीवर विश्वास ठेवला. त्या दोघांचंही इथेच चुकलं.

परीक्षेत विषय आला "माझी आई". नत्थूजींनी पेन्सिल ओली केली आणि खरं खरं लिहिलं. आईचं नाव अंजनाबाई. मानमोडीची साथ आली तेव्हा गावात घरटी एक माणूस मेलं. बाप मेला. मी दोन वर्षांचा होतो. आईने मला पाठीशी बांधलं आणि ती दोन दिवस चालत उमरेडला गेली. वाटेत तिने मला सगळी भाकर दिली, असं ती मला सांगे. आता ती नाही. एवढंच. लिहिताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते कागदावर पडू नये म्हणून त्यांनी उरलेला वेळ मान वर करून काढला. पर्यवेक्षकाला वाटलं, हा गृहस्थ छतावरून नक्कल करतोय.

आठवड्याने निकाल लागला. नऊ शिपायांत नत्थूजी पहिले आले. साहेबांनी तो निबंध स्वतः वाचला, आणि कडक माणूस क्वचित करतो तसा त्यांनी खिशातला रुमाल काढला. त्यांनी हेडक्लार्क केशवरावाला बोलावून सांगितलं, की या माणसाच्या सेवापुस्तकात माझा शेरा लिहा, अशी माणसं सरकारला भूषण आहेत. शेरा लिहायचा तर सेवापुस्तक काढायला हवं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच नत्थूजींचं सेवापुस्तक कपाटातून बाहेर आलं, ते साहेबांच्या टेबलावर निबंधाच्या शेजारी ठेवलं गेलं, आणि साहेबांची नजर सहज एकावरून दुसऱ्यावर गेली.

सेवापुस्तकात जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे एकोणीस. नोकरीला लागताना तेव्हाच्या हेडक्लार्कने नत्थूजींना वय विचारलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मग त्याने त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नियमात बसेल असा आकडा टाकून दिला होता. त्या काळी अर्ध्या जिल्ह्याचा जन्म एक जूनलाच होत असे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पण मानमोडीची, म्हणजे फ्लूची, साथ एकोणीसशे अठराची, हे साहेबांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरातली चार माणसं तिने नेली होती. म्हणजे सरकारी कागदांप्रमाणे नत्थूजी जन्माच्या आदल्या वर्षीच दोन वर्षांचे होते.

साहेबांनी काढलेला रुमाल खिशात परत ठेवला. शिपायाने साठ वर्षं पूर्ण झाली की निवृत्त व्हायचं. हा माणूस किती वर्षांचा आहे, याचा खुलासा त्यांनी दोन दिवसांत मागवला.

केशवराव माणूस वाईट नव्हता. त्याने नत्थूजींना कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात वाट दाखवली. हा पेपर माझ्या हातचा नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे निबंध गेला, आई गेली, साथही गेली. परीक्षेत नापास धरतील, पण दुसरी संधी पुढच्या सप्टेंबरात आहे. तोवर पोरगी मास्तरीण होते.

"पास होऊन तुम्ही घरी जाल, नत्थूजी. नापास झालात तं वर्षभर राहाल. हिशोब सोपा आहे."

त्यानेच बयान लिहिलं. मला लिहिता-वाचता येत नाही, असं त्यात होतं. नत्थूजींनी ते आधी वाचलं, दोनदा वाचलं, मग शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि त्याखाली उठवला. रात्रंदिवस खपून शिकलेली विद्या त्यांनी अशी एका अंगठ्यात परत केली. फडक्याने शाई पुसताना त्यांना जी लाज वाटली, तेवढी पूर्वी निरक्षर असताना कधी वाटली नव्हती.

साहेबांनी बयान पाहिलं आणि नत्थूजींना आत बोलावलं. केशवराव मागे उभा राहिला. साहेबांनी फार साधा प्रश्न विचारला. पेपर तुम्ही लिहिला नाही, तर लिहिला कुणी?

याचा विचार केशवरावाने केला नव्हता, आणि नत्थूजींनी तर मुळीच नाही. साहेबांनी फायलीतून नत्थूजींचे जुने रजेचे अर्ज काढले. ते सगळे गोपिकेने लिहिलेले होते, आणि तसं तिने प्रत्येकाखाली नोंदवलंही होतं. तिचा गोल ळ, तिची लांब वेलांटी. पेपरातही तोच ळ, तीच वेलांटी, कारण शिष्याने गुरूचं अक्षर जसंच्या तसं उचललं होतं. साहेब म्हणाले, की मुलगी डी.एड.ला आहे ना, सरकारी परीक्षेत दुसऱ्याचा पेपर लिहून देणारी मुलगी उद्या शाळेत काय शिकवणार? तिच्या प्राचार्यांना आजच पत्र जाईल. आणि त्यांनी केशवरावाला पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली.

ज्या पोरीसाठी अंगठा उठवला, तिच्याच मुळावर तो आता आला होता. नोकरी राहिली असती आणि पोरगी गेली असती. नत्थूजींनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना मध्येच तोडलं.

"साहेब, थांबा जी. पेपर मीच लिहिला. अंगठा खोटा हाय."

"आत्ता तर येत नव्हतं लिहिता."

"येते जी. मले कागद द्या."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. शिपायाने साहेबांच्या खोलीत बसायची पद्धत नव्हती, म्हणून नत्थूजींनी तो भिंतीला लावला आणि उभ्यानेच लिहिलं. भिंत खडबडीत होती. पेन दोनदा आरपार गेलं. "पेपर मी लिहिला. माझ्या मुलीने मला शिकवले, लिहून दिले नाही. ती म्हणाली खरे लिहा. मी आईचे सगळे खरे लिहिले. नंतर मी भ्यालो आणि खोटा अंगठा दिला. मुलीचा दोष नाही. मला घरी पाठवा." गोल ळ, लांब वेलांटी.

साहेबांनी कागद वाचला. मग प्राचार्यांच्या पत्राचा कागद त्यांनी केशवरावाच्या हातून घेऊन फाडला. परीक्षा पास ठरली, आणि शेराही कायम ठेवा म्हणाले. जन्माची एक जून तशीच ठेवून वर्ष तेवढं दुरुस्त करा आणि निवृत्तीचा आदेश काढा, तेही म्हणाले. नियम म्हणजे नियम. नत्थूजींनी मान डोलावली. घरी मात्र त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. गोपिका त्या आठवड्यात सरावपाठाच्या तयारीत होती, आणि बाप पहिला आल्याचं तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. तिच्याकडे बघून नत्थूजी ताटावरून अर्धवट उठत. प्रयागबाईंनी एकदा विचारलं, "अवो, पास झाल्यावर असं तोंड काहून करून राहिले?" त्यावर त्यांनी पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि दोन दिवस ओव्याचं पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी आदेश आला. केशवरावाने तो साहेबांच्या समोरच नत्थूजींच्या हाती दिला आणि सहीसाठी बोट दाखवलं. सत्तावीस वर्षं नत्थूजी बोट दाखवलेल्या जागी मुकाट्याने सही करत आले होते. आज त्यांनी आधी वाचायला घेतलं. एकेका शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण लिहिता-वाचता येणाऱ्याला वाचू नको म्हणणार कसं?

"ज्याअर्थी सन १९१८च्या साथीत सदर इसमाचे वय दोन वर्षे होते," केशवरावाने लिहिलं होतं, "म्हणजे सन १९१८ व सन १९१७ अशी दोन वर्षे, सबब त्याचा जन्म सन १९१७चा धरण्यात येत असून, तो साठ वर्षे पूर्ण करून दिनांक १ जून १९७७ पासून सेवानिवृत्त होईल."

नत्थूजींचं बोट थांबलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मनातल्या मनात पाटीवर अठरा मांडले आणि त्यातून दोन वजा केले. सोळा आले. पुन्हा मांडले, पुन्हा सोळाच आले. सोळा आणि साठ, शहात्तर. त्यांचा निवृत्तीचा एक जून चार महिन्यांमागेच होऊन गेला होता. हेडक्लार्क केशवराव बी.ए. यांनी बोटांवर वर्षं मोजताना साथीचं वर्षही मोजलं होतं, आणि त्याखाली साहेबांनी सही केली होती. गोपिकेची एप्रिलातली परीक्षा आदेशातल्या जूनच्या दोन महिने आधी होती.

त्यांनी मान वर केली. केशवराव खिडकीबाहेर बघत होता. साहेबांनी विचारलं, "नीट वाचलं ना? समजलं सगळं?"

नत्थूजींनी आदेश दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

"वाचलं जी. पन मले कुठं येवढं समजते, साहेब," ते म्हणाले. "तुमी लिहिलं थे बरोबरच असन."

आणि त्यांनी खाली सही केली. मग आदेशाची घडी घालून ती खिशात ठेवली, आणि साहेबांनी जा म्हणण्याआधीच ते बाहेर पडले.