पेंडुरकर सरांची चौथी ओळ

माझ्या कॉम्प्युटर लॅबच्या भिंतीपलीकडे मंगळवारी आणि गुरुवारी दहा वाजता इंग्रजीचा तास असतो. आता इंग्रजीच्या तासाला भिंतीतून निदान चार शब्द तरी इंग्रजी यावेत की नाही? आमच्याकडे चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात, "व्हय म्हाराजा!" नव्या प्राचार्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते दाराशी चपला काढून वर्गात शिरले होते. आत कुठल्यातरी देवाचं काही चाललंय अशी त्यांची समजूत. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बग रिपोर्ट'.

हा तास पेंडुरकर सरांचा. विषयाचं अधिकृत नाव टेक्निकल रायटिंग, वर्ग कॉम्प्युटरचं पहिलं वर्ष. पुढे नोकरीत प्रोग्राम कुठे अडला, तो कसा वापरायचा, हे पोरांना इंग्रजीत सरळ लिहिता यावं एवढ्यासाठी तो नेमलाय. सरांनी मुंबईत तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात हेच केलं. पंपाच्या खोक्यात तळाशी एक पुस्तिका असते ना, ती ते लिहायचे. "माजा लिवलेला आजपर्यंत कोणी वाचूक नाय," हे ते छाती फुगवून सांगतात. निवृत्त होऊन मालवणच्या घरी परतले आणि आमच्या कॉलेजने त्यांना धरून आणलं.

आता त्या आरडाओरड्याविषयी. आमच्या भागात जत्रा असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, गावातला एखादा जाणता देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो, आणि जमलेले लोक त्याच्या वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. सरांच्या मते तो जाणता म्हणजे जगातला पहिल्या नंबरचा टेक्निकल रायटर.

"बघ गो बाय," मी कॉलेजात नवीन असताना त्यांनी मला समजावलं होतं. "पयली वळ, कोणाक सांगतंय. दुसरी, सांगणारो कोण. तिसरी, काय बिघाडला. आणि चवथी, काय होया. चार वळीत देवाक कळता, मगे कंपनीच्या सायबाक कळूक काय झाला?"

म्हणून त्यांच्या वर्गाचा नियम असा, की प्रत्येकाने आपल्या इंग्रजी चार ओळी, शेवटच्या 'काय हवं' सकट, उभं राहून वाचायच्या. वर्गाला कळलं तर "व्हय म्हाराजा". नाही कळलं तर सगळ्यांनी गप्प बसायचं. सर स्वतः एक अक्षर बोलत नाहीत. मला हे सगळे थेर वाटायचे. मी कणकवलीची, जरा फटकळच, आणि माझा प्रोग्रामिंगचा तास त्या गजरात वाहून जायचा. दोनदा मी भांडायलाही गेले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तन्वी उभी होती. इन्सुलीची मुलगी, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आवाज शेजारच्या बाकापर्यंत जेमतेम पोचेल असा. कॉलेजचं हजेरीचं ॲप बिघडलं होतं, त्यावर तिने लिहून आणलं होतं. वाचून झालं, वर्ग गप्प. शेवटची ओळ होती, 'काइंडली डू द नीडफुल'.

सरांनी कपाळावर हात मारला. गप्प राहायचा स्वतःचा नियम ते या चार शब्दांपुढे हमखास मोडतात. "अगो, देवाक सांगलंस 'देवा, नीडफुल कर', तर देव काय करतलो? तुका नोकरी होई, आणि तो तुका म्हस देतलो! काय होया तां सांग!"

तन्वीने तीनदा लिहिलं, तीनदा वर्ग गप्प. मी भांडण विसरून दारातच उभी राहिले. चौथ्यांदा तिने वाचलं: हे हजेरीचं ॲप सांभाळणाऱ्यांसाठी आहे. मी तन्वी, पहिलं वर्ष. सोमवारची हजेरी लावली की ॲप ती रविवारावर चढवतं. सोमवारची हजेरी सोमवारीच लागायला हवी. आणि असा काही गजर झाला की माझ्या लॅबमधली पोरं बघायला धावली. खरं सांगते, "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होते. पोरीचा चेहरा मी अजून विसरले नाही.

'काय होया तां सांग' हे सरांचं पालुपद वर्गाबाहेरही सुटत नाही. एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसून तारकर्लीला येत होते. वाटेत एका घरगुती लॉजवर पाटी दिसली, 'रूम्स विथ अटॅच्ड सी'. सरांनी स्कूटर थांबवायला लावली, उतरले आणि मालकाला विचारलं, "समुद्र खंयच्या भिंतीक अटॅच आसा?"

मालक सुपारी कातरत होता. "मागच्या," तो शांतपणे म्हणाला. "भरतीक येवा, दाखवतंय."

सर मागे जाऊन भिंतीवरची ओल बघून आले आणि पुन्हा स्कूटरवर बसले. "चल गो. वाक्य बरोबर आसा."

असा हा माणूस घरी मात्र एकटा. बायको, म्हणजे आमच्या सुनंदाकाकी, ठाण्याला मुलाकडे. नात झाली, सुनेची रजा संपली, म्हणून काकी तीन महिन्यांसाठी गेल्या, त्याला आता चार वर्षं झाली. गणपतीला येतात, विसर्जन झालं की जातात. सर त्यांना रोज दुपारी स्टाफरूममधून फोनवर संदेश पाठवतात, तोही आकडे घालून. पाठवण्याआधी मला वाचून दाखवतात आणि मी गमतीने "व्हय म्हाराजा" म्हणते. "एक, पंप चालू आसा. दोन, फणसाक कोवळे कुयरे इले. तीन, मांजर जाडा झाला. बाकी ठीक." चार वर्षं बाकी ठीक. काकींचं उत्तर म्हणजे एक उभा अंगठा.

काकी शनिवारी मला फोन करतात. सर रक्तदाबाची गोळी घेतात की नाही, याची चौकशी. मागच्या शनिवारी गोळीचं झालं तरी फोन ठेवेनात.

"नात आता दिवसभर शाळेत असता गो," म्हणाल्या. "मी हय भिंती बघत बसतंय."

"मग या की घरी!"

"ह्येंनी कधी 'ये' म्हणूक नाय. तेंका एकट्याक बरा वाटत असात."

सोमवारी मी सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, काकींना बोलावत का नाही. "ती थय सुखात आसा," ते चष्मा पुसत म्हणाले. "नातीचो लळो. मी कित्याक मधे पडू?"

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं पंप कसा चालवायचा ते अख्ख्या देशाला लिहून कळवणारा हा माणूस! पण नवरा-बायकोच्या मधे तरी कसं बोलायचं?

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच त्यांनी स्टाफरूममध्ये संदेश लिहिला होता. "एक, माडांचे नारळ पाडून घेतले. दोन, गोळी घेतलंय. तीन, मांजर आणखी जाडा झाला. बाकी ठीक." आणि ते माझ्याकडे बघत राहिले.

मी काही बोलले नाही.

"काय गो? कळूक नाय?"

"नाही कळलं, सर. चौथी ओळ कुठाय? काय होया तां तुम्ही सांगितलंच नाहीत."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी लिहिलेलं पुसलं. पुन्हा लिहिलं, मला दाखवलं, मी गप्प. तिसऱ्यांदा 'सवडीप्रमाणे यावे' असं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. घंटा झाली, पलीकडे पोरं बाकं सरकवू लागली, तरी सर जागचे हलले नाहीत. एकेक अक्षर अंगठ्याने दाबत त्यांनी चौथ्यांदा लिहिलं आणि फोन मुकाट माझ्यापुढे सरकवला.

'सुनंदाक. मी, तुजो घोव, मालवणातसून. रोज दोन बांगडे हाडतंय, तुज्या वाटचो चार वर्सा मांजर खाता. माका तू घराक होई.'

मांजर जाडं का झालं ते मला तेव्हा कळलं. मी मान हलवली आणि फोन त्यांच्याकडे परत सरकवला. सरांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि खडू घेऊन तासाला गेले.

दहा मिनिटांत ते माझ्या लॅबच्या दारात उभे. हाताला खडू, चष्मा कपाळावर. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. आज अंगठा नव्हता. काकींनी लिहिलं होतं:

'व्हय म्हाराजा. रविवारी येतंय. मांजराक सांगून ठेवा.'