बरणीतल्या सतरा गाठी

माळावरच्या एका झुडपाच्या पानांवर वाटाण्याएवढ्या गाठी येतात. त्या कोणता किडा करतो, हे मी शोधून काढणार, असं मी घरात आणि ऑफिसात जाहीर केलं होतं. अवघड काय त्यात? पानं बरणीत ठेवायची, तोंडावर पातळ फडकं टाकायचं आणि किडा बाहेर पडायची वाट बघायची. वाट बघण्यात माझा हात कोण धरणार? बावीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे!

कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर म्हणाले होते, "किडा जिवंत आणा, नाव मी सांगतो." शनिवारी मी त्यांना फोन केला.

"सर, एकूण सतरा गाठी आहेत! एक ब्लेडने कापून पाहिली, आत वळवळ आहे. बाकीच्या दोन दिवसांत फुटतील. छे, घरी नाही बोललो. उगाच घाबरतात!"

दाराआड बायको उभी होती, हे मला काय ठाऊक?

त्या दिवसापासून मला न मागता चहा मिळू लागला. शेवटी हिला विज्ञानाची किंमत कळली म्हणायची! सोमवारी सकाळी तर तिचा भाऊ बॅग घेऊन हजर. हा एरवी मला 'किडेवाले' म्हणून चिडवणारा माणूस.

"भाऊजी, गाठींचं कळलं मला," तो खिडकीतल्या बरणीशेजारी बसत हळूच म्हणाला. "ताईने ऐकलं सगळं. सतरा ना?"

"सोळा. एक मी कापली."

"स्वतः?"

"मग! ब्लेडने. त्यात काय एवढं?"

मेहुण्याला रडूच कोसळलं. हाताला लागलं ते फडकं ओढून त्याने डोळ्यांना लावलं. ते बरणीवरचं होतं! सकाळीच गाठींतून निघालेल्या सोळाच्या सोळा इवल्या माश्या खिडकीतून पसार झाल्या.

"गेल्या!" मी ओरडलो आणि त्यांच्यामागे खिडकीतून अर्धा बाहेर झेपावलो.

"ताई, धाव! भाऊजी उडी टाकतायत!"

दोघांनी माझा एकेक पाय धरून मला आत ओढलं.

"अगं, माश्या गेल्या माझ्या! गाठींतल्या!"

"गाठी... पानांवरच्या?" बायकोने विचारलं.

"मग कुठल्या?"

ती मटकन खाली बसली. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. मला फार वाईट वाटलं, तसं मी म्हणालोही. तिने डोळे पुसले, उठली आणि रिकामी बरणी माझ्या हातात दिली.

"यापुढे घरात एक जरी गाठ आणलीत ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

मी मुकाट्याने वही उघडली आणि नोंद केली: गाठ क्रमांक अठरा.