हेडाऊभाऊंचं बिननावाचं झाड

झाडाचं नाव कोणी सांगायला लागलं, की आमचे हेडाऊभाऊ दोन्ही कानांत बोटं घालत. पन्नाशी ओलांडलेला, वीज केंद्रातला भारदस्त फिटर माणूस भर व्हरांड्यात कानांत बोटं घालून उभा! समोरच्याला वाटे, आपण काही वावगं बोललो. "सांगू नोका जी, पाया पडतो," ते म्हणत. "ते फुलू द्या आधी."

कोराडीच्या कॉलनीत आमची क्वार्टर्स लागून होती. भाऊ मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. घरचा माग बंद पडला आणि ते इकडे नोकरीला लागले. बायको लवकर गेली. एकुलती मुलगी विमल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली आणि वर्गातल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलाचं घर बौद्ध, दीक्षा घेतलेलं. उमरेडहून भाऊबंद आले, अंगणात गोल करून बसले, आणि त्यांच्यादेखत भाऊ मुलीला म्हणाले, "आता या दारात येऊ नोको."

ती आली नाही. दोन वर्षं होत आली होती. भाऊ त्यावर अक्षर बोलत नसत. कॉलनीला दिसत होता तो त्यांचा नवा नाद, ऑर्किडचा. विमलची पुस्तकं घरातच राहिली होती. ती चाळता चाळता तो लागला असावा. गडी या बाबतीत अगदीच नवा. पहिली तीन रोपं त्यांनी रोज तांब्याभर पाणी घालून मारली. चौथं न्हाणीघरात टांगलं, तिथे ओल असते म्हणून. मी एकदा त्यांच्याकडे आंघोळीला गेलो, तर बाहेरून आवाज, "साबणाचे शिंतोडे उडवू नोका जी, झाड पाहून राहिलं!"

बिननावाचं झाड आणलं त्या दिवशी मी सोबत होतो. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बाजारात. कोराडीहून दोन बस बदलून भाऊ भाजी घ्यायला तिकडे का जातात, हे कोडं मला होतंच. रस्त्याकडेला एक म्हातारी जडीबुटी मांडून बसली होती. साली, मुळ्या, बिब्बे, आणि त्यात एक वाळकं झाड. पानं सुरकुतलेली, जाड मुळ्या सुतळीसारख्या लोंबणाऱ्या. आंब्यावरून ओरबाडून आणलेलं.

"वाताचं औषध हाय," म्हातारी म्हणाली. "कुटून गुडघ्याले लावा." आणि तिने विळा उचलला.

"थांब वं माय!" भाऊ मटकन खाली बसले. मुळीचं टोक त्यांनी नखाने खरवडलं. आत हिरवं होतं. "जित्तं हाय हे. जित्त्याले कुटून राहिली?"

"मंग काय पुजू त्याले?"

भाऊंनी झाड घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर धरून बसले. घरी सडक्या मुळ्या कापल्या, आंब्याच्या लाकडाचा ओंडका आणला आणि झाड त्यावर सुताने बांधलं. ती गाठ पाहण्यासारखी होती. मागावर तुटलेला धागा जोडतात तशी, बारीक आणि घट्ट. बाकी रोपांना नावाच्या चिठ्ठ्या होत्या. याची चिठ्ठी कोरी. रोपवाटिकेतले एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि पाहताक्षणी म्हणाले, "अहो, हे तर..." पुढचं भाऊंनी ऐकलंच नाही. बोटं कानांत गेली होती.

कोराडीत वीज केंद्राची राख पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीवर, सगळ्यावर. भाऊ ड्यूटीवरून आले की ओल्या रुमालाने एकेक पान पुसत. उन्हाळ्यात तर कहर झाला. कूलरचं तोंड झाडाकडे आणि स्वतः बनियनवर, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलेले. मी म्हटलं, "भाऊ, थोडा वारा तुम्हीही घ्या की." म्हणाले, "मले ऊन माहीत हाय. त्याले जंगल सुटलं."

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. "आलं!"

मी धावलो. फुलं आली होती. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मधोमध निळसर जांभळी जीभ, आणि मंद वास. "चौकडा पाहा," भाऊ म्हणाले, "कसा विणला हाय."

"आता तरी नाव विचारू या कोणाला."

"विमलले विचारीन."

दोन वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग ते फेस न पुसताच बोलत राहिले. "सक्करदऱ्याले राहते ते. तळ्याच्या पाळीवरून, त्या बांधावरून, घर दिसते. जातो, बसतो. दार उघडं दिसलं की बरं वाटते."

"मग घरात का नाही जात?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? येऊ नोको म्हणणारा मीच. झाड नेलं त काही काम तरी राहते हाती." ओंडका उचलत म्हणाले, "तुम्ही चला जी. एकट्याचे पाय पाळीवरच अडते."

तसेच गेलो. दार विमलनेच उघडलं. भाऊंनी ओंडका पुढे केला. "हे... याचं नाव माहीत नाही. तुले येत असन त सांग."

तिने झाडाकडे पाहिलंच नाही. वडिलांच्या अर्ध्या दाढीकडे पाहत राहिली. "आत या, बाबा," म्हणाली. जावयाने अंगणात खुर्च्या टाकल्या आणि तो स्वतःच चहा टाकायला आत गेला. विमल पाणी आणायला वळली.

अंगणात आंब्याचं झाड होतं. फांदीच्या बेचक्यात भाऊंच्या ओंडक्यावरचं हेच झाड, थेट हेच, भरघोस फुललेलं. चौकटी त्याच, जीभ तीच. मी तोंड उघडणार तोच भाऊंनी माझा गुडघा दाबला.

"पाहिलं म्या," ते हळूच म्हणाले. "बोलू नोका."

विमल पाणी घेऊन आली. ओंडका मांडीवर घेऊन तिने फूल या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. आंब्याकडे तिची पाठ होती.

"लगेच नाही सांगता येत, बाबा," ती म्हणाली. "पुस्तकात पाहावं लागेल. ठेवून जा. पुढच्या रविवारी या."

भाऊ घोटभर पाणी प्यायले. "एका रविवारात होईन?"

"नाही होणार," विमल म्हणाली. "बरेच लागतील."