पाण्यावरचा मासा आणि टाकीवरचा कावळा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोळा मजली इमारतीत पाण्यावरच्या खोट्या माशाचं तंत्र माझ्याइतकं कुणालाही कळत नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो. त्या माशाने मी आजवर एकही खरा मासा पकडलेला नाही, पण तो प्रश्न वेगळा.

ही इमारत आहे तिथे पूर्वी आमचं भाताचं शेत होतं. शेत गेलं, बदल्यात फ्लॅट आला, खाडी मात्र होती तिथेच राहिली. माझी बायको हौसा मागच्या वर्षी गेली. तिला जिताडा फार आवडायचा. आमच्या संसारात मी गळ घेऊन खाडीवर जायचो, रिकाम्या हाताने परत यायचो आणि तोवर हौसाने बाजारातून जिताडा आणून कालवण करून ठेवलेलं असायचं. वर विचारायची, "आज पण मासे सुट्टीवर का?"

आमच्यात वर्षश्राद्धाला पानावर माणसाच्या आवडीचं ठेवतात, मग ते वशाट, म्हणजे मासळी-मटण का असेना. मी सगळ्या घरादारासमोर जाहीर केलं की हौसाच्या पानावर या वेळी मी स्वतः पकडलेला जिताडा असेल. माझी धाकटी बहीण कमळाबाई तोंडाला पदर लावून हसली. मुलगा हितेश मात्र पाघळला. त्याने मला नवा रॉड, रीळ आणि प्लास्टिकचा एक वीतभर मासा आणून दिला, आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून दिले.

तंत्र असं. रॉडचं टोक खाली धरायचं आणि मनगटाने छोटे छोटे हिसके द्यायचे. दोन हिसक्यांच्या मधे तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल सोडायचा. मग तो प्लास्टिकचा मासा पाण्यावर डावीकडे-उजवीकडे झुलत येतो, हळदीच्या रात्री मांडवातून घरी निघालेल्या पाहुण्यासारखा. मग एकदम थांबवायचा. खालच्या जिताड्याला वाटतं, जखमी बोय मासा आहे. तो झडप घालतो. खरी परीक्षा इथे आहे. पाणी उडालं म्हणून लगेच ओढायचं नाही. हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं.

आता थांबणं हे माझ्या रक्तातच नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ताट घेऊन बसणारा माणूस मी!

सरावासाठी रोज खाडी गाठणं जमेना, म्हणून सकाळी सोसायटीच्या स्विमिंग पूलवर जाऊ लागलो. गळ काढून ठेवायचो, तेवढी अक्कल मला आहे. तिसऱ्याच दिवशी माझा मासा इतका सुरेख झुलला की पोहायला आलेल्या एक बाई किंचाळत बाहेर आल्या. पाण्यात साप आहे असं त्यांनी वॉचमनला सांगितलं. वॉचमनने दोन साप आहेत असं सेक्रेटरी नयनभाईंना सांगितलं. मी मासा खिशात घालून समजावायला जाईपर्यंत सर्पमित्राला फोन गेला होता आणि पूल उपसायला सुरुवात झाली होती. आमच्याकडे पाणी टँकरने येतं. पुढे आठवडाभर लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. पण माझ्या मनगटाला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र होतं, असं मी अजूनही मानतो.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी माझा जुना दोस्त रघु मला त्याच्या होडीतून कोलशेतच्या खाडीत घेऊन गेला. भरती चढत होती. तीनदा जिताड्याने झडप घातली आणि तिन्ही वेळा पाणी उडताक्षणी मी ओढलं. एकदा प्लास्टिकचा मासा माझ्या कानाजवळून सूं करत गेला आणि रघुची टोपी घेऊन पाण्यात पडला.

"सादेव, त्याच्या तोंडान तरी जाऊ दे रं," रघु म्हणाला.

परत येताना मी गुपचूप बाजारात शिरलो आणि जिताडा विकत घेतला. घरी कुणी काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पान ठेवलं. भात, वडे, कालवण, तळलेल्या जिताड्याच्या तुकड्या. पाण्याच्या टाकीवर तीन कावळे बसले होते. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि खाली पंचवीस पाहुणे भुकेले. तासभर झाला तरी एक कावळा हलेना. हौसाचं मन कशात तरी अडकलंय असं कमळाबाईने जाहीर केलं, आणि मग एकेकाने हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. हितेशने रात्रीचं जागरण बंद करीन म्हणून सांगितलं. सून कल्पिताने तिची तुळस जपीन म्हटलं. शेवटी कमळाबाई म्हणाली, "वयनी, तुजा पितळेचा टोप परत आनून देतंय." कल्पिता माझ्या कानात पुटपुटली की तो टोप आपण वर्षभर शोधतोय. मी औषधं वेळेवर घ्यायचं कबूल केलं. कावळ्याने मान खाजवली.

माझ्या मनात आलं, हौसा माझ्यावर रुसली आहे. बोललो एक आणि आणलं बाजारातून. ती उपाशी राहिली तर मी या घरात कुठल्या तोंडाने जेवणार?

मी पानाकडे बघितलं. तुकडी नुसती पडून होती. अशा मेल्या मासळीवर झडप कोण घालणार?

मी रॉड घेऊन आलो. गळबीळ काही नाही, तंगूसाच्या टोकाला तुकडी सैल फासात अडकवली, ओढलं की सुटेल अशी. कमळाबाईने विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का. मी मनगटाने हिसका दिला. तुकडी लादीवर डावीकडे गेली, मग उजवीकडे. टाकीवर एक मान वाकडी झाली. मी थांबलो. कावळा कठड्यावर उतरला. पुन्हा एक हिसका. कावळा उड्या मारत आला, चोच उघडली, तुकडीला लावणार...

आणि मी ओढलं!

तुकडी सगळ्यांच्या डोक्यांवरून गेली आणि जिन्यातून वर येणाऱ्या नयनभाईंच्या छातीवर बसली. नयनभाई कांदासुद्धा खात नाहीत. गच्ची विनापरवानगी वापरल्याबद्दल बोलायला ते आले होते. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "काका, मी नंतर येतो."

कमळाबाईने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. कावळा पुन्हा टाकीवर. मी दुसरी तुकडी अडकवली. कल्पिता शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईंना खाऊ द्या."

या वेळी कावळा लवकर उतरला. हिसका, हिसका, थांबलो. त्याने चोच मारली. मी थांबलो. त्याने तुकडी उचलली, तंगूस ताणला, हाताला वजन लागलं, आणि तरीही मी थांबलो. फास सुटला. तुकडी घेऊन तो खाडीच्या दिशेने गेला.

गच्चीवर टाळ्या पडल्या. श्राद्धाला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. कमळाबाई रडत रडत हसत होती. मी पण. मी रीळ गुंडाळून खाली येईपर्यंत पाहुण्यांनी जिताडा संपवला होता. मला रस्सा मिळाला. चांगला झाला होता.

पुढच्या रविवारी मोठ्या रुबाबात रघुच्या होडीत बसलो. जिताड्याने झडप घातली. पाणी उडालं, मी थांबलो. वजन लागलं, मी थांबलो. जिताड्याने प्लास्टिकचा मासा चघळून बघितला, थुंकला आणि निघून गेला.

"सादेव," रघु म्हणाला, "आता वडायचा व्हता."

थांबायचं कधी आणि ओढायचं कधी, व्हिडिओत हे दोन्ही सांगितलेलं असतं म्हणे. मी बहुतेक अर्ध्यावरच बंद केला असणार.