शेजाऱ्याचा उंट

घरात एक खुर्ची असावी असं मला वाटलं आणि तिथून सगळं बिघडलं. तोवर आम्ही घोंगडीवर बसत होतो आणि सुखात होतो. पण गिरणीत कॅशियरच्या हाताखाली एक जागा रिकामी होणार होती. ती कुणाला द्यायची हे आमचे हेडक्लार्क चन्नप्पा ठरवणार होते, आणि ते रविवारी शुक्रवार पेठेत माझ्याकडे चहाला येतो म्हणाले होते. टाइम-ऑफिसात हजेऱ्या मांडून मी कंटाळलो होतो. आता हेडक्लार्कांना घोंगडीवर बसवून जागा कशी मागायची?

बाजारातून खुर्ची आणतो म्हटलं, तर बायको म्हणाली, शिवशरण असताना विकत कशाला? शिवशरण हा तिचा धाकटा भाऊ, दुधनीचा सुतार. ही दोघं भावंडं लहानपणापासून मिळून वस्तू करतात. सुंदरम्मा (म्हणजे माझी बायको) कोळशानं भिंतीवर आकार काढते, तो लाकडात उतरवतो, मग ती रंगवते. त्यांनी केलेला एक पाट आमच्याकडे आहे. तो बेडकासारखा आहे आणि जेवताना मला उगाच वाटतं की तो माझ्या ताटाकडे बघतोय. म्हणून मी शिवशरणला बजावून सांगितलं, साधी, चार पायांची खुर्ची कर.

"चार पायांचीच करतो की, दाजी," तो म्हणाला.

शब्दाला तो जागला. रविवारी सकाळी दोघांनी परसातून जे उचलून आणलं, त्याला चार पाय होते. ते दुमडून बसलेल्या उंटाचे होते. उंटाच्या पाठीवर बसायचं, मागच्या उंचवट्याला टेकायचं. उंटानं मान मागं वळवून बसणाऱ्याकडे तोंड केलं होतं, आणि पापण्या अशा अर्धवट मिटल्या होत्या की आपण काहीतरी मूर्खासारखं बोललो आहोत असं वाटावं. सुंदरम्मानं त्याच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळसुद्धा रंगवली होती. दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. छान आहे, असं मी म्हणायला हवं होतं. मी चादर आणून उंटावर टाकली.

चन्नप्पा आले. चादर पाहून त्यांना ती गादी वाटली असावी, कारण ते सरळ जाऊन तिच्यावर बसले. मी जागेचा विषय काढणार, तेवढ्यात खालून खट् असा आवाज आला, चादर पुढून हलली आणि तिच्याखालून लाल लाकडी जीभ बाहेर आली. जिभेवर पानाचा विडा होता. (ही करामत मला कुणी सांगितलीच नव्हती.)

चन्नप्पांनी चादर ओढली. उंट त्यांच्याकडे आणि ते उंटाकडे बघत राहिले. घरात असली सोंगं ठेवणाऱ्याच्या हाती हा माणूस तिजोरी कशी देणार?

"साहेब, हा आमचा न्हाय," मी म्हणालो. घाबरलो की माझी शुद्ध भाषा मला सोडून जाते. "शेजारच्या कुंडलिकचा हाय. ठेवायला दिलाय."

चन्नप्पांनी विडा उचलून तोंडात घातला. मग उठून ते परत बसले, जीभ परत बाहेर येते का ते पाहिलं, आणि लहान मुलासारखे हसले. चहा तसाच ठेवून ते शेजारी गेले. कुंडलिक फार समजूतदार माणूस. उंटाचं नाव निघताच क्षणभर थांबला आणि म्हणाला, माझाच की, तुम्हाला आवडला तर घेऊन जावा.

आजच घरी पोचवा, असं कुंडलिकला सांगून चन्नप्पा गेले आणि मी आत आलो. सुंदरम्मानं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"रंग देताना दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं," ती म्हणाली. मग पदरानं उंटाच्या नाकावरची धूळ पुसली. "आता तुम्ही शेजाऱ्याचा म्हणालाय, तर शेजाऱ्याचा म्हणूनच पोचवून या."

कुंडलिकची कंबर त्याच दुपारी धरली. त्यामुळे उंट माझ्या डोक्यावर आला. उंटावर बसलेला माणूस पेठेनं पाहिला असेल, माणसावर बसलेला उंट बघायला मात्र लोक दारात येऊन उभे राहिले. शिवशरण छत्री घेऊन पुढं चालला होता आणि मान भिंतीला लागू देऊ नका, असं मला सांगत होता. (माझी नव्हे, उंटाची.)

चन्नप्पांच्या आई सावित्रम्मा दारात आल्या. हे कुणी केलं, असं त्यांनी छत्रीवाल्याला विचारलं. तो भोळेपणानं म्हणाला, मी आन् अक्कानं, या दाजींच्या घरात. त्यांना नीट ऐकू येत नसावं. त्यांनी शिवशरणला आत नेऊन बसवलं आणि मला पायरी दाखवली. चन्नप्पांना मात्र आतून नीट ऐकू आलं होतं. ते बाहेर आले.

"विरुपाक्षप्पा, बायकोनं केलेली वस्तू तुम्ही शेजाऱ्याच्या नावावर घातली," ते सावकाश म्हणाले. "कॅशमध्ये असं चालत न्हाय. तुम्ही हजेऱ्याच मांडा."

ते आत गेले. थोड्या वेळानं आतून खट् असा आवाज आणि तिघांचं हसणं ऐकू आलं. सावित्रम्मा ताटली घेऊन आल्या, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "खा बाबा. हमाली लई वाईट."

मी हमाल नाही, गिरणीतला कारकून आहे, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. मग विचार केला, आणि आणखी एक भाकरी मागितली.